जेवलं की छातीत भरून येतं: एका तक्रारीचा जिन्यापासून दुर्बिणीपर्यंतचा प्रवास

रुग्ण पुरुष, वय ५२. दिवसभर बैठं काम. उंची १७० सेंटिमीटर, वजन ८८ किलो, पोटाचा घेर गेल्या काही वर्षांत चांगलाच वाढलेला. रक्तदाबासाठी रोज ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. पूर्वी सिगारेट ओढत, सोडून बरीच वर्षं झाली. मधुमेह नाही. वडिलांना पन्नाशीच्या आतच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला.

एक खुलासा आधीच करतो. हा रुग्ण म्हणजे एकच एक माणूस नव्हे. या तक्रारीत वारंवार दिसणारी लक्षणं, गैरसमज आणि निर्णय एकत्र गुंफून तो उभा केला आहे. औषधं, तपासण्या आणि त्यामागची कारणं मात्र जशी आहेत तशीच दिली आहेत.

तक्रार काय होती

"जेवलं की इथे भरून येतं," असं म्हणून त्यांनी छातीच्या मधोमध तळहात ठेवला. रात्रीच्या जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासात छातीच्या मधल्या हाडामागे आधी जळजळ सुरू व्हायची, मग दडपल्यासारखं वाटायचं. आठवड्यातून चार-पाच रात्री तरी हे ठरलेलं. आडवं झालं की वाढायचं, उठून बसलं की उतरायचं. कधी आंबट पाणी घशाशी यायचं, आणि दोनदा मध्यरात्री ठसका लागून जाग आली होती. नुसती जळजळ दहा-बारा वर्षं अधूनमधून होतच होती. दडपण मात्र नवं, गेल्या आठ महिन्यांतलं. ॲन्टासिडची गोळी चघळली की दहा-पंधरा मिनिटांत बरं वाटायचं. त्यामुळे निदान त्यांनी स्वतःच करून ठेवलं होतं: ॲसिडिटी.

नेहमीचे प्रश्न झाले. घास अडकतो का? गिळताना दुखतं का? वजन आपोआप उतरलंय का? शौच काळी होते का, उलटीत रक्त दिसलं का? सगळ्याला उत्तर नाही. दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे सरकतं का? नाही. घाम फुटतो का? नाही.

एवढ्यात शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, ते जिन्याचं सांगा ना."

जेवून लगेच दोन मजले चढले की तसंच दडपण येतं, दोन मिनिटं थांबलं की जातं. "भरल्या पोटी चढलो तर होणारच ना, त्यात काय सांगायचं," हे त्यांचं म्हणणं.

सांगण्यासारखं तेच होतं. श्रमाने येणारं आणि थांबल्यावर जाणारं दडपण ही हृदयाला रक्त कमी पडत असल्याची नेहमीची खूण आहे. वय, रक्तदाब, जुनं धूम्रपान, वडिलांचा लवकर आलेला झटका, हे सगळं जोडीला असताना ॲसिडिटीचं लेबल चिकटवून घरी पाठवणं धोक्याचं ठरलं असतं. रुग्ण ही गोष्ट लपवत नसतात. ती त्यांना तक्रारीचा भागच वाटत नाही. म्हणून "जेवणानंतर काय होतं" एवढ्यावर न थांबता "जेवणानंतर तुम्ही काय करत असता तेव्हा होतं" हेही विचारावं लागतं.

आधी हृदय

हृदयाकडून आणि अन्ननलिकेकडून निघणाऱ्या वेदनेचे संदेश मज्जारज्जूच्या जवळपास त्याच भागात पोचतात. मेंदूला त्यांतला फरक नीट करता येत नाही. त्यामुळे हृदयाचं दुखणं जळजळ म्हणून जाणवू शकतं आणि अन्ननलिकेचं दुखणं छाती आवळल्यासारखं. दुखण्याच्या वर्णनावरून छातीठोक निदान करणाऱ्यांपासून जपून राहावं, मग तो शेजारी असो की डॉक्टर.

इथेच या प्रकरणातला सगळ्यात मोठा गैरसमज येतो: ॲन्टासिडने बरं वाटलं, अर्थात हृदय ठीक आहे. हा तर्क टिकत नाही. हृदयशूळ, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने होणारं छातीतलं दुखणं, विश्रांतीनेही काही मिनिटांत ओसरतो. माणूस गोळी चघळत शांत बसतो, दुखणं जातं आणि श्रेय गोळीला मिळतं. उलट बाजूनेही तेच. जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी हृदयाच्या रक्तवाहिन्या सैल करते, तशीच अन्ननलिकेचे स्नायूही सैल करते. तिने आराम पडला म्हणजे दुखणं हृदयाचंच, हेही सिद्ध होत नाही.

जेवणानंतरच त्रास होतो एवढ्यावरून हृदय सुटत नाही. जेवल्यावर आतड्यांकडे जास्त रक्त वळवावं लागतं, हृदयाचं काम वाढतं. रक्तवाहिन्या बऱ्याच अरुंद झालेल्या असतील तर एवढा वाढीव भारही छातीत जाणवतो. जेवणानंतर येणारा हृदयशूळ कधी कधी गंभीर अडथळ्याची खूण असतो.

ईसीजी काढला, तो ठीक होता. रुग्णाने लगेच सुटकेचा निःश्वास टाकला. पण विश्रांतीत, दुखत नसताना काढलेला ईसीजी ठीक येणं हे हृदयशूळ असलेल्या अनेकांमध्येही दिसतं. आदल्याच रात्री त्रास झाला होता म्हणून हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन तपासलं, तेही वाढलेलं नव्हतं. म्हणजे ताजा झटका नव्हता, एवढंच कळलं. जिन्याच्या प्रश्नाचं उत्तर या दोन्ही तपासण्या देत नाहीत. त्यासाठी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवून हृदयाच्या रक्तवाहिन्यांची सीटी अँजिओग्राफी, म्हणजे त्या आतून किती मोकळ्या आहेत हे दाखवणारं स्कॅन, केली. एका रक्तवाहिनीत चरबीचा किरकोळ थर दिसला. रक्तप्रवाह अडेल असा अडथळा कुठेच नव्हता.

तेव्हा दडपणाचं कारण हृदयात नव्हतं. पण थर होता, म्हणून कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन सुरू झालं. पोटाच्या तक्रारीतून हाती लागलेला हा तपशील रुग्णाच्या पुढच्या वीस वर्षांसाठी कदाचित जळजळीच्या औषधापेक्षा जास्त मोलाचा असेल.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला असा त्रास असेल तर एवढं ध्यानात ठेवावं. नव्याने आलेलं, बसूनही न थांबणारं दडपण, सोबत घाम, धाप, मळमळ किंवा हात, जबडा, पाठीकडे सरकणारी कळ असेल, तर ॲन्टासिड चघळून वाट पाहत बसू नये. तातडीच्या विभागात जावं. मधुमेही, वयस्कर आणि स्त्रियांमध्ये ही लक्षणं आणखी फसवी असतात.

मग छातीत होत काय होतं

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. लोक त्याला झडप म्हणतात, आपणही म्हणू. ही झडप ढिली झाली म्हणून आम्ल वर येतं, असं सर्रास सांगितलं जातं. पण बहुतेक रुग्णांमध्ये झडपेची ताकद तशी बरी असते. ती मधूनमधून, घास गिळलेला नसतानाही, काही सेकंद आपोआप उघडते. हे निरोगी माणसातही होतं, पोटातली हवा ढेकर होऊन बाहेर पडते ती याच वाटेने. जठराचा वरचा भाग ताणला गेला की हे उघडणं वाढतं. म्हणून पोटभर, त्यातही भरपूर तेलकट जेवण झालं की त्रास होतो.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. जेवण पोटात गेलं की अन्नामुळे आम्ल सौम्य होतं, मग ऐन जेवणानंतर इतकी जळजळ का व्हावी? २००१ साली ग्लासगोच्या संशोधकांनी दाखवलं की जेवणानंतर अन्नात न मिसळलेल्या तीव्र आम्लाचा एक थर जठराच्या अगदी वरच्या टोकाला, झडपेच्या तोंडाशी साठतो. त्याला आम्लाचा कप्पा म्हणता येईल. झडप उघडली की पहिलं वर उसळतं ते हेच. ज्यांच्या जठराचा वरचा भाग छाती आणि पोट यांमधल्या पडद्यातल्या छिद्रातून छातीकडे सरकलेला असतो, म्हणजे हायाटस हर्निया असतो, त्यांच्यात हा कप्पा झडपेच्याही वर जाऊन बसू शकतो.

पोटाचा घेर आणि घट्ट पट्टा यांचं काय? पोटातला दाब वाढला की जठर वर ढकललं जातं. जिन्याचं कोडंही इथेच सुटलं. भरलं पोट, वर श्रम, वर आवळलेला पट्टा, यात आम्ल वर यायला वेळ लागत नाही. थांबलं की पोटातला दाब उतरतो, लाळ गिळली जाते, आणि लाळेतल्या बायकार्बोनेटमुळे अन्ननलिकेतलं आम्ल शमतं. झोपेत लाळ कमी सुटते, गिळणंही कमी होतं, म्हणून रात्रीचा रिफ्लक्स, म्हणजे आम्लाचं हे वर येणं, जास्त वेळ अन्ननलिका भाजत राहतो.

"ती गोळी घेऊन झाली, काही उपयोग नाही"

हृदयाची तपासणी आटोपून परत आल्यावर आम्ल कमी करणाऱ्या पॅन्टोप्राझोलचं नाव काढताच रुग्णाने हात झटकला. ते त्यांनी आधीच दोन महिने घेतलं होतं.

कसं घेतलं होतं? रात्री जेवून, झोपताना. रोज? त्रास झाला त्या दिवशी. एखाद्या दिवशी नाही झाला तर नाही.

ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल ही सगळी एका कुळातली औषधं. ओमेप्राझोल १९८८ साली बाजारात आलं आणि जठराम्लाच्या आजारांचे उपचार बदलले. जठरातल्या पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात, ही औषधं त्या पंपांना कायमची चिकटून ते बंद पाडतात. अट एकच: पंप त्या वेळी चालू असला पाहिजे. पंप मोठ्या संख्येने चालू होतात ते जेवणाने. आणि औषध रक्तात टिकतं जेमतेम, त्याचं प्रमाण साधारण एक ते दोन तासांत निम्मं होतं. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची, म्हणजे घास पोटात पडून पंप सुरू होतात तेव्हा औषध रक्तात हजर असतं. जेवून झाल्यावर झोपताना घेतलेली गोळी म्हणजे वरातीमागून घोडं.

शिवाय एका गोळीने सगळे पंप बंद होत नाहीत, पेशी रोज नवे पंप बनवत राहतात. पूर्ण परिणाम दिसायला रोज नेमाने घेऊन तीन ते पाच दिवस लागतात. त्रास झाला तेव्हाच गोळी घेणं ही ॲन्टासिडची पद्धत झाली. ॲन्टासिड तयार आम्ल तिथल्या तिथे शमवतं. पंप बंद करणारं औषध पुढे तयार होणारं आम्ल रोखतं, छातीत आत्ता पेटलेल्या जळजळीवर त्याचा तातडीने काही इलाज नाही.

थोडक्यात, औषधाला संधीच मिळाली नव्हती. "औषध लागू पडत नाही" म्हणून मोठ्या तपासण्यांकडे किंवा दुप्पट डोसकडे वळण्याआधी गोळी कधी, किती वाजता आणि सलग घेतली का, हे विचारायला दोन मिनिटं लागतात. माझ्या मते या आजारात त्याहून स्वस्त आणि फलदायी तपासणी दुसरी नाही.

गोळ्यांची बाकी पिशवीही उलगडून पाहिली. काही गोळ्या अन्ननलिकेत अडकून तिथेच व्रण करतात. डॉक्सिसायक्लिन, हाडांसाठीचं अलेन्ड्रोनेट, पोटॅशियमच्या गोळ्या, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं ही त्यांतली ठळक नावं. यातलं काही नव्हतं. ॲम्लोडिपिन मात्र होतं, आणि त्या गटातली औषधं झडपेचा स्नायू सैल करू शकतात. ते लगेच बदलायचं का? नाही बदललं. रक्तदाब आटोक्यात होता, आणि एकाच वेळी दोन-तीन गोष्टी बदलल्या की बरं कशाने वाटलं ते कधीच कळत नाही.

पहिले आठ आठवडे

पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅम, सकाळच्या खाण्याआधी अर्धा तास, रोज, आठ आठवडे. रात्रीच्या जेवणानंतर अल्जिनेटचं पातळ औषध. समुद्री शैवालापासून मिळणारं अल्जिनेट आम्लाशी गाठ पडली की फुगून जेलचा थर बनवतं आणि तो थर जठरातल्या अन्नावर तरंगतो, नेमका त्या आम्लाच्या कप्प्याच्या जागी. जेवणानंतरच्या त्रासाला म्हणूनच ते समर्पक.

खाण्यापिण्याच्या पथ्याबद्दल एक मत नोंदवतो. अशा रुग्णाच्या हातात कॉफी, चॉकलेट, आंबट फळं, टोमॅटो, कांदा, पुदिना, मिरची अशी लांबलचक वर्ज्य यादी देण्याची पद्धत आहे. यातल्या प्रत्येकाने प्रत्येकाला त्रास होतोच असं नाही, आणि सरसकट बंदी फार दिवस कुणी पाळत नाही. ज्याने स्वतःला हमखास त्रास होतो ते सोडावं, बाकीचं खुशाल खावं. या रुग्णाला कॉफीने काही होत नव्हतं, ती चालू राहिली. बुडबुडेवाल्या पेयांनी मात्र ढेकरांसोबत आंबट पाणी यायचं, ती त्यांनी आपणहून बंद केली. जळजळ झाली की थंड दूध पिण्याची त्यांची सवय होती. दुधाने घटकाभर बरं वाटतं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम पुढे आम्लाचं स्रवण वाढवतात. त्यावर विसंबू नये, एवढंच सांगितलं.

खरा भर दिला तो वेळेवर आणि वजनावर. रात्रीचं जेवण आटोपशीर, आणि जेवण ते अंथरूण यात किमान तीन तास. कुशीवर झोपायचं तर डाव्या. त्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या खालच्या पातळीवर राहतं, वर आलेलं आम्लही लवकर परत खाली जातं. उजव्या कुशीवर याच्या उलट होतं. पलंगाची डोक्याकडची बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचलायची, पलंगाच्या त्या बाजूच्या पायांखाली ठोकळे ठेवून. नुसत्या दोन-तीन उशा रचल्या तर मानेत आणि कमरेत वाक येतो, पोट दुमडतं आणि दाब वाढतोच. ठोकळ्यांना घरून विरोध झाला, शेवटी पाचरीच्या आकाराची उशी आणली. तीही चालते, पाठीपासून उतार मिळाला म्हणजे झालं.

चौथ्या आठवड्यात जळजळ जवळपास गेली, दडपणही. आंबट पाणी मात्र वाकून बूट बांधताना अजून घशाशी यायचं. यात नवल नाही. ही औषधं आम्ल कमी करतात, वर येणं थांबवत नाहीत. वर येतं ते कमी आंबट असतं म्हणून जळजळत नाही, पण येतं ते येतंच. औषधाने जळजळीला जितका उतार पडतो तितका उलटून येण्याला पडत नाही, हे रुग्णाला सुरुवातीलाच सांगून ठेवलं तर पुढे हिरमोड होत नाही.

गोळी बंद केली आणि सगळं परत आलं

आठ आठवड्यांनी गोळी थांबवली. पहिले चार दिवस बरे गेले. मग जळजळ परत आली, रुग्णाच्या शब्दांत "पहिल्यापेक्षा दुप्पट". ते वैतागले, आणि त्यांच्या मनाने निष्कर्ष काढला: ही गोळी आता जन्मभर.

दोन शक्यता होत्या. आजार अजून आहे, म्हणून लक्षणं परतली. किंवा हा औषध थांबवल्याचा उसळता परिणाम होता. आम्ल बराच काळ दाबून ठेवलं की शरीर गॅस्ट्रिन हे संप्रेरक जास्त सोडतं, आणि औषध निघालं की काही आठवडे जठर नेहमीपेक्षा जास्त आम्ल तयार करतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश अभ्यासात पोटाचा काहीही त्रास नसलेल्या १२० निरोगी लोकांपैकी निम्म्यांना आठ आठवडे ईसोमेप्राझोल हे त्याच कुळातलं औषध दिलं आणि मग थांबवलं. त्यानंतरच्या चार आठवड्यांत औषध घेतलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना जळजळ, आंबट पाणी किंवा अपचनाचा त्रास झाला. पूर्णवेळ बिनऔषधाची गोळी घेतलेल्या गटात हे प्रमाण १५ टक्के होतं. आजार नसलेल्या माणसाला हे होत असेल, तर गोळी सोडल्यावर परतलेल्या जळजळीवरून आजार आहेच असं म्हणता येत नाही.

लक्षणांच्या भरवशावर हा प्रश्न सुटणारा नव्हता. आत डोकावून पाहण्याची वेळ झाली होती. तशीही दुर्बीण तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, या रुग्णात करायचीच होती. दहा वर्षांहून जुनी जळजळ, पुरुष, पन्नाशी ओलांडलेली, स्थूलपणा आणि जुनं धूम्रपान ही बॅरेट अन्ननलिकेची जोखीम ठरते. बॅरेटमध्ये सततच्या आम्लाने अन्ननलिकेच्या खालच्या भागातलं अस्तर आतड्यासारखं बदलतं, आणि थोड्या लोकांत त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो.

दुर्बीण गोळी थांबवून तीन आठवडे झाल्यावर केली. हा मुद्दा सहज दुर्लक्षिला जातो. गोळी चालू असताना पाहिलं तर भरून आलेल्या जखमा दिसत नाहीत, अहवाल स्वच्छ येतो, आणि रिफ्लक्स आहे की नाही हा प्रश्न तसाच लोंबकळतो. तपासणीआधी दोन ते चार आठवडे औषध बंद ठेवता आलं तर उत्तर स्पष्ट मिळतं. त्या काळात रुग्णाने अल्जिनेटवर निभावून नेलं. रात्री चारदा उठावं लागलं त्या दिवशी फोनवर बोलणीही खाल्ली आम्ही.

अहवाल असा: अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला दोन रेषाकार जखमा, प्रत्येकी ५ मिलिमीटरहून लांब, पण एकमेकींना न मिळालेल्या. अशा जखमांना 'ए' ते 'डी' अशा चढत्या श्रेणी देणाऱ्या लॉस एंजेलिस वर्गीकरणात ही 'बी' श्रेणी. साधारण २ सेंटिमीटरचा हायाटस हर्निया. बॅरेटची खूण नाही. जठरातून घेतलेल्या नमुन्यात हेलिकोबॅक्टर, म्हणजे जठरात व्रण करू शकणारा जंतू, नाही.

पुराव्याच्या दृष्टीने या निकालाला वजन आहे. 'ए' श्रेणीच्या बारीक जखमा धडधाकट लोकांतही सापडतात, त्यावरून काही ठरत नाही. रिफ्लक्सच्या निदानाचे निकष तज्ज्ञांनी मिळून ठरवलेल्या लिऑन सहमतीच्या ताज्या आवृत्तीनुसार 'बी', 'सी' आणि 'डी' या श्रेणी रिफ्लक्सचा पक्का पुरावा मानल्या जातात. उसळत्या परिणामाने जळजळ वाढवली असेल, पण मुळाशी आजार होता.

दुर्बिणीत काहीच दिसलं नसतं तर? मग अन्ननलिकेत आम्लमापक बसवून चोवीस तास किंवा चार दिवस नोंद घेतली असती. अन्ननलिकेतलं पीएच (आम्लता मोजणारा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्ल) ४ च्या खाली असण्याचा काळ एकूण वेळेच्या ६ टक्क्यांहून जास्त भरला तर रिफ्लक्स नक्की, ४ टक्क्यांहून कमी असेल तर आम्लावर खापर फोडता येत नाही. अशांपैकी काहींची अन्ननलिका साध्या हालचालीलाही वेदना म्हणून नोंदवते, आणि त्यांना आम्लाची औषधं कितीही वाढवून दिली तरी फायदा होत नाही. इथे त्या तपासणीची गरज पडली नाही.

दुसरी फेरी, आणि सोडण्याचा बेत

पॅन्टोप्राझोल पुन्हा सुरू, तीच वेळ, आठ आठवडे. रुग्णाने या वेळी इंटरनेटवर वाचून आणलेली यादी पुढे ठेवली: मूत्रपिंड निकामी, हाडं ठिसूळ, स्मृतिभ्रंश. भीती खोटी ठरवून उडवून लावण्यासारखी नव्हती, पण आकड्यांत पाहण्यासारखी होती. यातले बरेचसे संबंध निरीक्षणात्मक अभ्यासांतून आले आहेत. दीर्घकाळ ही गोळी घेणारे लोक मुळातच जास्त आजारी असतात, त्यामुळे दोष गोळीचा की आजारपणाचा हे तिथे वेगळं काढणं अवघड असतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १७,५९८ लोकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं गटांत विभागून सरासरी तीन वर्षं पॅन्टोप्राझोल किंवा बिनऔषधाची गोळी दिली होती. ठळक फरक दिसला तो आतड्यांच्या संसर्गात: १.४ टक्के विरुद्ध १.० टक्के. तीन वर्षं म्हणजे तीस वर्षं नव्हेत, हेही रुग्णाला सांगितलं. वर्षानुवर्षं गोळी लागलीच तर बी-१२ आणि मॅग्नेशियमवर नजर ठेवावी. गरज असेल तर घाबरून सोडू नये, गरज नसेल तर सवयीने चालू ठेवू नये.

'सी' किंवा 'डी' श्रेणी असती, किंवा बॅरेट सापडलं असतं, तर गोळी दीर्घकाळ चालूच ठेवावी लागली असती, आणि 'सी'-'डी'मध्ये जखमा भरल्या का ते पुन्हा दुर्बिणीने पाहिलं असतं. 'बी' श्रेणीत, लक्षणं आटोक्यात असताना, कमी करून पाहायला हरकत नव्हती.

या वेळी सोडणं ठरवून केलं. ४० वरून २० मिलिग्रॅम, मग दिवसाआड, मग लागेल तसं. हळूहळू कमी करणं एकदम थांबवण्यापेक्षा निर्विवाद सरस आहे असा पुरावा नाही, पण पहिल्या वेळी पोळलेल्या माणसाला हाच मार्ग धीराचा वाटला. दोन ते चार आठवडे जळजळ होऊ शकते आणि ती आजार उलटल्याची खूण असेलच असं नाही, हे आधीच लिहून दिलं. मधल्या दिवसांसाठी अल्जिनेट, आणि वाईट रात्री फॅमोटिडिन, हे आम्ल कमी करणारं वेगळ्या गटातलं औषध. फॅमोटिडिन रोज घेतलं तर एक-दोन आठवड्यांत शरीर त्याला सरावतं आणि जोर कमी होतो, म्हणून अडल्या वेळेपुरतंच.

ॲम्लोडिपिनचा मुद्दा आता काढला. पायांना सूजही येऊ लागली होती, तेव्हा हृदयरोगतज्ज्ञांनी ते बदलून टेल्मिसार्टन दिलं. त्याने रिफ्लक्सला किती फायदा झाला हे सांगणं कठीण, कारण त्याच सुमारास वजन उतरू लागलं होतं.

एका वर्षानंतर

वजन ८८ वरून ८१ किलो. पट्ट्याची दोन भोकं आत. महिन्यातून चार-पाच वेळा अल्जिनेट, पॅन्टोप्राझोल कधीतरी सलग आठ-दहा दिवस, तेही उशिराची आणि जड जेवणं लागोपाठ झाली तर. जिना चढताना काही होत नाही. स्टॅटिन चालू आहे, हृदयरोगतज्ज्ञांकडे वर्षाची खेप ठरलेली.

वाकल्यावर आंबट पाणी येणं पूर्ण थांबलेलं नाही. हर्निया आहे तिथेच आहे, गोळीने तो भरत नाही. शस्त्रक्रियेचा विषय त्यामुळे निघालाच. फंडोप्लिकेशन, म्हणजे जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या टोकाभोवती गुंडाळून झडपेला आधार देणं. रुडॉल्फ निसेन यांनी १९५६ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, आज ती पोटावर छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीतून होते. औषध घेऊनही खूप उलटून येणाऱ्यांना तिचा चांगला फायदा होतो. पण नंतर काहींना घास अडकतो, ढेकर देता येत नाही, पोट फुगतं. आधी आम्लमापन आणि अन्ननलिकेच्या हालचालींची तपासणीही करावी लागते. बूट बांधताना येणाऱ्या घोटभर आंबट पाण्यासाठी एवढं करायचं का, असं रुग्णाने विचारलं. आमचंही मत तेच होतं. बूट आता ते स्टुलावर पाय ठेवून बांधतात. घास अडकू लागला, वजन विनाकारण घटलं, शौच काळी झाली किंवा रक्तातलं लोह कमी निघालं, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता यायचं, असं त्यांच्या कागदावर लिहून दिलं आहे. पत्नीने त्याचा फोटो काढून ठेवला आहे.